आधी नकार, मग नंबर

लिनक्सवरून डायल-अप जोडणारी चॅट-स्क्रिप्ट जेमतेम आठ-दहा ओळींची. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या सीडीतून नांदेड-लातूरच्या घरांत लिनक्स येऊ लागलं, तेव्हा ती बहुधा हातानंच लिहावी लागे. मी ती वाङ्मय म्हणून वाचतो.

सुरुवात नकारांनी होते. ‘अबॉर्ट बिझी’, ‘अबॉर्ट नो डायलटोन’, ‘अबॉर्ट नो कॅरिअर’. नंबर फिरवण्याआधीच कुठली उत्तरं आली तर नाद सोडायचा, हे ठरलेलं. पावसाळ्यात खरखरणारी लाइन ज्यानं ऐकलीय, त्याला हा क्रम अगदी पटतो.

पुढची रचना तमाशातल्या सवाल-जवाबाची: अमुक ऐकू आलं की तमुक बोल. पहिला सवाल मात्र कोराच, दोन रिकामी अवतरणचिन्हं. कशाचीही वाट न पाहता आपणच ‘एटीझेड’ म्हणायचं, की मॉडेम मागचं विसरून मूळ मांडणीवर येतो. ही बोली हेज कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमॉडेमपासून चालत आलेली. मॉडेमनं ‘ओके’ म्हटलं, तरच पुढची ओळ.

ती ओळ म्हणजे ‘एटीडीटी१७२२३३’. शेवटचा ‘टी’ टोनचा. एक्स्चेंज जुन्या पल्स पद्धतीचं असेल तर तिथं ‘पी’. आणि आकडा संचारनेट या इंटरनेट-सेवेचा. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट खुलं केलं ते महानगरांत. मराठवाड्यातून तिथवर जायचं तर एसटीडीचं मीटर पळणार. या सहा आकड्यांच्या आरंभी शून्य नाही, म्हणजे कॉल स्थानिक दराचा! सगळ्या स्क्रिप्टमध्ये मला हीच ओळ सर्वांत भावते.

मग ‘लॉगिन’ची वाट पाहायची, पण स्क्रिप्टमध्ये त्याचं पहिलं अक्षर गाळून ‘ऑगिन’ एवढंच लिहितात. समोरचा सर्व्हर ते अक्षर मोठं पाठवेल की छोटं, की ते लाइनवरच गळून पडेल, कोण सांगणार? राहिलेल्या शब्दावर भागवायचं. पासवर्डचं तेच. त्याच्याआधी उलटी रेघ आणि ‘क्यू’ घातलं की तो लॉगमध्ये उमटत नाही. फाइलमध्ये मात्र उघडाच बसलेला. ही या रचनेतली खरी उणीव.

पंचेचाळीस सेकंदांत हवं ते उत्तर आलं नाही, तर ही स्क्रिप्ट चालवणारा ‘चॅट’ प्रोग्राम आपणहून माघार घेतो. आलं, की सूत्रं जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रामकडे. त्याच्या ऑप्शन्स फाइलमध्ये जाणकार ‘आयडल ३००’ घालत: पाच मिनिटं काही ये-जा नसली, की लाइन तुटावी. घरातला फोन तेवढाच मोकळा, आणि बिलही आवाक्यात.