वहीशेजारची एकवीस माणसं

हंगेरियन कवी मिक्लोश राद्‌नोतीवर लिहिताना समीक्षक बहुधा वहीपासून सुरुवात करतात. जून १९४६मध्ये अब्दा गावाजवळचा सामूहिक दफनाचा खड्डा उकरला, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात कवितांची छोटी वही सापडली. मग ‘कविता मृत्यूला पुरून उरली’ हे भरतवाक्य ठरलेलंच. मला ते खटकतं.

त्या खड्ड्यात २२ प्रेतं होती. सर्बियातल्या बोरच्या तांब्याच्या खाणींसाठी वेठीला जुंपलेले, परतीच्या पायपिटीत गलितगात्र झालेले हे ज्यू मजूर. नोव्हेंबर १९४४मध्ये त्यांना गोळ्या घालणारे पहारेकरी हंगेरियनच होते; कवीचीच भाषा बोलणारे.

‘राझग्लेद्नित्सा’ म्हणजे सर्बियन भाषेत चित्र-पोस्टकार्ड. या नावाच्या चार छोट्या कवितांपैकी शेवटची ३१ ऑक्टोबर १९४४ची. तिच्या सुरुवातीलाच कवी गोळी लागलेल्या सोबत्याच्या शेजारी कोसळतो. अभ्यासक त्याला व्हायोलिनवादक मिक्लोश लोर्शी म्हणून ओळखतात. त्याच्या देहात कवी स्वतःचा शेवट पाहतो.

म्हणजे कवीने आधी शेजाऱ्याकडे पाहिलं. आपण मात्र फक्त कवीकडे पाहतो. वही वाचली, माणसं वाचली नाहीत. कवितेचा विजय साजरा करण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.