लढत पायांत असते

पडद्यावरची तलवारबाजी चांगली की वाईट हे ठरवताना माझी नजर आधी पायांकडे जाते. पातं खोटं असतं आणि ते खोटंच असलं पाहिजे, नाहीतर नटाचा जीव जाईल. पायांचं सोंग मात्र आणता येत नाही. माणूस सरकला की हटला, भार कुठल्या पायावर आहे, दम लागलाय का, मनातून हादरलाय का, हे सगळं पायांत उतरतं. दोघांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं आणि तीच खरी लढत असते. ते अंतर दाखवायचं तर कॅमेरा मागे न्यावा लागतो, आणि कॅमेरा मागे गेला की नटाला खरोखर लढता यावं लागतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पडद्यावर तलवारी वाढल्या आणि लढती घटल्या, त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

जुन्या हॉलिवूडपटांना आपण उगाच हसतो. १९३८चा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ पाहा. एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन किल्ल्याच्या जिन्यावरून लढत येतात, लढता लढता चौकटीबाहेर जातात आणि काही क्षण भल्या मोठ्या खांबावर नुसत्या त्यांच्या सावल्या लढतात. दिग्दर्शक मायकेल कर्टिझला हे धाडस करता आलं, कारण ती लढत सावलीतही कळत होती. फ्रेड कॅव्हेन्स या बेल्जियन उस्तादाने ती बसवली होती. त्याच्या लढतीत प्रत्येक वार मोठा, मोकळा, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळेल असा असतो. रॅथबोन तलवारीत खरोखर तयार होता, फ्लिनपेक्षा कितीतरी सरस. पण तो खलनायक, म्हणून बहुतेक वेळा हरायचा. १९४०च्या ‘द मार्क ऑफ झोरो’मध्ये टायरोन पॉवरच्या हातून मरतानाही त्याचा पवित्रा बघत राहावा असा आहे. हरणाराच जास्त जाणकार असला की लढतीला आपोआप वजन येतं.

त्या परंपरेचं टोक म्हणजे १९५२चा ‘स्कारामूश’. स्ट्यूअर्ट ग्रेंजर आणि मेल फेरर भरलेल्या नाट्यगृहात सहा मिनिटांहून जास्त वेळ लढतात. बाल्कनीच्या कठड्यावरून, जिन्यावरून, खुर्च्यांवरून ते थेट रंगमंचावर येतात. फेरर मुळात नर्तक, आणि ते त्याच्या पावलापावलात दिसतं. रॉब रायनरच्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ने (१९८७) या शैलीला प्रेमाने दाद दिली. कड्यावरच्या त्या प्रसिद्ध लढतीत दोघेही डाव्या हाताने सुरुवात करतात आणि आपण खरे उजवे आहोत हे गुपित एकेक करून उघड करतात. लढता लढता ते ज्यांची नावं घेतात ते कापो फेर्रो, तिबो, अग्रिप्पा हे तलवारबाजीवर ग्रंथ लिहिणारे खरे आचार्य होते. कॅरी एल्विस आणि मँडी पटिंकिन यांनी बॉब अँडरसन आणि पीटर डायमंड यांच्याकडे महिनोन् महिने तालीम केली आणि कोलांट्या सोडल्या तर जवळपास सगळी लढत स्वतः केली. हे अँडरसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेले. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) डार्थ व्हेडरच्या काळ्या चिलखतात लढणारं शरीर त्यांचंच आहे. मुखवट्यामुळे चेहरा नाही, पात्याच्या जागी प्रकाशाची कांडी, तरीही व्हेडरची जरब आपल्याला जाणवते. ती त्याच्या चालीत आहे.

जपानकडे वळलं की लढतीची व्याख्याच बदलते. तिथे वाराआधीची स्तब्धता मोठी. कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराई’त (१९५४) क्यूझो आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो एका माळावर. आधी काठ्यांनी सामना होतो. समोरचा म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो की खऱ्या तलवारी असत्या तर तू मेला असतास. समोरच्याला ते झोंबतं आणि तो खऱ्या तलवारीचा हट्ट धरतो. मग तोच सामना पुन्हा होतो, आणि या वेळी तो माणूस संथ गतीत, आवाज न करता कोसळतो. सेइजी मियागुची या नटाने क्यूझोच्या अंगात जी स्थिरता आणली आहे, तिच्यापुढे पुढच्या सगळ्या समुराईपटांतल्या गर्जना फिक्या वाटतात.

मला सर्वांत प्रिय असलेली लढत मात्र १९६२च्या ‘सान्जुरो’ची शेवटची. तोशिरो मिफुने आणि तात्सुया नाकादाई अगदी जवळ, हात लांबवला तर छातीला लागेल इतक्या अंतरावर उभे आहेत. मागे तरुण समुराईंचा घोळका. जवळजवळ अर्धा मिनिट काहीही होत नाही. हात बाहीत, नजर नजरेला भिडलेली. इतक्या जवळून तलवार उपसायची म्हणजे पातं बाहेर काढायलाच जागा नाही, आणि हाच या लढतीचा पेच आहे. नाकादाई रीतसर उपसतो. मिफुने डाव्या हाताने उलटी तलवार काढतो आणि उजव्या हाताने ती पुढे रेटतो. एकच वार, आणि नाकादाईच्या छातीतून रक्ताचं कारंजं उडतं. पंपाचा दाब ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त झाला होता, तरी कुरोसावाने तोच टेक ठेवला. पुढे जपानी चित्रपटांत रक्ताच्या चिळकांड्यांची लाटच आली. नक्कल करणाऱ्यांनी रक्त उचललं आणि त्याआधीचा अर्धा मिनिट सोडून दिला. त्या दृश्याचा आत्मा तर त्याच अर्ध्या मिनिटात आहे, आणि नंतरच्या क्षणातही. पोरं भारावून दाद देतात तेव्हा मिफुनेचा सान्जुरो त्यांच्यावर खेकसतो. मेलेला माणूस अगदी आपल्यासारखाच होता, म्यानात न राहणारी तलवार, हे त्याला कळलेलं असतं. लढत जिंकून इतका खिन्न झालेला नायक मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच वर्षी नाकादाईने कोबायाशीच्या ‘हाराकिरी’तही काम केलं. एका गरीब तरुणाला बांबूच्या तलवारीने पोट फाडायला लावलं जातं, हे आपण आधी पाहिलेलं असतं. त्यामुळे पुढे वाऱ्याने वाकलेल्या गवतात नाकादाई खरं पोलाद उपसून उभा राहतो तेव्हा त्या पात्यात सगळा हिशेब साठलेला असतो. लढतीचं बळ कित्येकदा लढतीबाहेरून, कथेतून येतं.

चिनी चित्रपटांत माझा पायांचा निकष अडतो, कारण तिथे पाय जमीनच सोडतात. किंग हूने पेकिंग ऑपेराच्या कसरतपटूंना सोबत घेऊन ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) आणि ‘अ टच ऑफ झेन’ (१९७१) केले. त्याच्या बांबूच्या वनातल्या लढतीत तुकडे बारीक आहेत, काही तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतात. तरीही गोंधळ होत नाही, कारण कोण कुठून उडालं आणि कुठे उतरलं याचा ताल त्याने कधी सोडला नाही. म्हणजे दोष कात्रीचा नाही. कात्री कशासाठी चालवली, हा प्रश्न आहे. किंग हू गती वाढवायला कापतो. आजचे बहुतेक जण नटाला लढता येत नाही हे झाकायला कापतात.

अँग लीच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) बांबूच्या शेंड्यांवरची लढत गाजली, पण मला तालीमखान्यातली मोलाची वाटते. युएन वू-पिंगने ती बसवली आहे. झांग झियीच्या हातात पोलादही कापणारी ‘ग्रीन डेस्टिनी’ आहे. मिशेल यो एकामागून एक शस्त्र उचलते आणि ते तुटलं की दुसरं घेते. एक तर इतकं जड निघतं की तिला नीट उचलताच येत नाही. शेवटी तुटक्या तलवारीचं टोक ती पोरीच्या गळ्याशी आणून थांबवते. तलवार श्रेष्ठ की हात, याचा निकाल तिथे लागतो. दोघी नखशिखांत दिसतात.

युरोपात खऱ्या थकव्याची लढत बसवली ती विल्यम हॉब्ज यांनी. रिडली स्कॉटच्या पहिल्या चित्रपटात, ‘द ड्युएलिस्ट्स’मध्ये (१९७७), नेपोलियनच्या सैन्यातले दोन अधिकारी वर्षानुवर्षं एकमेकांचा पिच्छा पुरवतात. एका लढतीत दोघांची अवस्था अशी होते की तलवारी पेलवेनाशा होतात. ‘रॉब रॉय’च्या (१९९५) शेवटीही हॉब्जच आहेत. लियाम नीसनच्या हातात जड, रुंद पात्याची तलवार, टिम रॉथच्या हातात हलकी, सुईसारखी. हलकी तलवार खेळवते, टोचते, रक्त काढते. जड तलवार दर वाराला माणसाला थकवते. संगीत जवळजवळ नाहीच, पावलं आणि श्वास तेवढे ऐकू येतात. रॉथ टोक गळ्याशी ठेवून उभा असताना नीसन ते पातं उघड्या हाताने घट्ट पकडतो आणि दुसऱ्या हाताने एकच वार करतो. तळहात कापला जातोय हे आपल्याला कळतं. त्या पकडीवर अख्खी लढत फिरते.

आपल्याकडे हीच गोष्ट बखरकार कृष्णाजी अनंत सभासदाला तीन शतकांपूर्वी उमजली होती. सिंहगडच्या लढाईचं त्याने केलेलं वर्णन थोडक्यात आहे, पण त्यात एक तपशील असा आहे की पटकथाकाराने तो उचलून घ्यावा. तानाजीची ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. मग तो डाव्या हाताचीच ढाल करतो, आणि तो व समोरचा वीर दोघेही एकमेकांच्या हातून पडतात. शस्त्र निकामी होणं, तरी न थांबणं, शरीरच पणाला लावणं, असं लढतीचं सगळं नाट्य त्यात आहे. ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ने (२०२०) भव्यता आणली, संगणकाने कडे उभे केले, आणि प्रेक्षक थिएटरात आले. पण दोन थकलेल्या माणसांची ती शेवटची लढत पडद्यावर जशी घडायला हवी तशी मला तिथे सापडली नाही. ‘बाहुबली’चे दोन भाग (२०१५ आणि २०१७) पाहतानाही असंच होतं. डोळे दिपतात, पण पाय जमिनीला टेकल्याची खात्री पटत नाही, त्यामुळे वार लागल्याचीही पटत नाही. ‘३००’ने (२००६) रूढ केलेली, मध्येच मंद आणि मध्येच वेगवान होणारी गती आता सगळीकडे आहे. ती पोझ छान दाखवते आणि लढत थांबवते.

हे अटळ आहे असं मात्र नाही. ताकाशी मिइकेच्या ‘थर्टीन असॅसिन्स’ने (२०१०) शेवटचा मोठा भाग एका गावातल्या झुंजीला दिला आणि ती चिखलात, घामात नेली. ‘रुरोनी केन्शिन’च्या मालिकेत (२०१२पासून) केंजी तानिगाकी यांनी धावत्या लढती बसवल्या. ताकेरू सातोचे पाय त्यांत इतके चपळ आहेत की कॅमेऱ्याची धावपळ होते. तंत्रज्ञान आजचंच आहे, फरक तालमीचा आहे.

मला कळकळीने सांगायचं आहे ते मराठी ऐतिहासिक चित्रपटांबद्दल. दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’पासून (२०१८) ‘पावनखिंड’पर्यंत (२०२२) या चित्रपटांनी आपला प्रेक्षक परत मिळवला, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांतल्या झटापटी चेहरा, पातं, किंकाळी, पुन्हा चेहरा अशा तुकड्यांत विखुरतात. आणि आपल्याकडे दांडपट्टा आहे! त्याची मूठ लोखंडी खोबणीत, मनगट जखडलेलं, त्यामुळे वार मनगटातून येत नाही. तो कोपरातून, खांद्यातून, कमरेतून येतो. लांब, लवचीक पातं फिरवायला माणसाला सतत गिरकी घ्यावी लागते आणि पाय एका जागी ठरत नाहीत. हे शस्त्र क्लोजअपमध्ये दिसूच शकत नाही, त्याला मोकळं मैदान आणि मागे उभा कॅमेराच हवा. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या तालमींत आजही पोरं-पोरी दांडपट्टा, फरी-गदका, लाठी शिकतात. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्याच गावातला. जपानी, चिनी दिग्दर्शकांनी आपल्या आखाड्यांतले आणि रंगभूमीवरचे लोक सेटवर आणले, तेव्हा त्यांची शैली घडली. आपण फाइट मास्टर बाहेरून आणतो आणि वस्तादांना शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघतो.

म्हणून सिंहगड किंवा पावनखिंड पुन्हा पडद्यावर आणू पाहणाऱ्या दिग्दर्शकांना एवढंच मागणं आहे. नटाला चार-सहा महिने एखाद्या तालमीत वस्तादाच्या हाताखाली द्या, सभासदाचा तो परिच्छेद त्याच्याकडून वाचून घ्या, आणि मग एक मिनिट, फक्त एक मिनिट, कॅमेरा मागे ठेवून त्याला डोक्यापासून पायापर्यंत लढू द्या.