सोनें धुणारांचें वाङ्मय

सुवर्णाविषयीं जगांतील ग्रंथकारांनीं जेवढें लिहिलें आहे, तेवढें दुसऱ्या कोणत्याहि धातूविषयीं क्वचितच लिहिलें असेल. परंतु त्या सर्व लिखाणांत सोनें हातीं येण्यापूर्वींचा भाग अगदींच थोडा आहे. सोनें सांपडलें, मित्र मित्राचा वैरी झाला, लोभापायीं खून पडला, शेवटीं सोनें गेलें आणि शहाणपण तेवढें उरलें, हा सांचा देशी व परकी कथाकारांनीं इतका वापरला आहे कीं, त्यांतून निघणाऱ्या नाण्यावरचा छाप आतां ओळखूं येईनासा झाला आहे. बी. ट्रॅव्हन यांची १९२७ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झालेली ‘सिएरा माद्रेचा खजिना’ ही कादंबरी या सांच्यांतील उत्तम कृति होय. तींतले लुटारू सोन्याची भुकटी वाळू समजून उधळून देतात, हा उपरोध खरोखर तीक्ष्ण आहे. तथापि तेथेंहि लेखकाची नजर भुकटीच्या किंमतीवरच खिळलेली आहे. नदीच्या पाण्यांत वांकून, परातींत वाळू घेऊन ती हलवीत बसलेला मनुष्य त्या वेळीं काय पाहतो आणि रिकामी परात पुनः भरतांना त्याच्या मनाची स्थिति काय असते, हें विचारणारे लेखक फार थोडे. त्यांपैकीं दोघांचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे: ‘डेम शर्ली’ या नांवानें लिहिणाऱ्या लुईझ क्लॅप या बाई, आणि जॅक लंडन.

हा विचार आज करण्यास निमित्तहि आहे. ज्या धंद्यापायीं हजारों माणसें देशोधडीला लागलीं, तो धंदा आतां सुटीच्या दिवसाची करमणूक झाला आहे. २४ जानेवारी १८४८ रोजीं जेम्स मार्शल याला कॅलिफोर्नियांतील कोलोमा येथें लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटांत सोन्याचे कण दिसले. त्याच जागेवर आज सरकारी उद्यान असून तेथें मुलाबाळांसह लोक परात घेऊन येतात. हात आणि परात यांखेरीज दुसरें अवजार वापरावयाचें नाहीं, असा तेथील नियम आहे. फिनलंडांतील तांकावारा या गांवीं १९७७ सालीं या कलेचे जागतिक सामने भरले, आणि पुढें ते निरनिराळ्या देशांत भरूं लागले. स्पर्धकाला वाळूची बादली देतात, तींत सोन्याचे मोजके कण मिसळलेले असतात. ते किती, हें त्याला ठाऊक नसतें, आणि हरवलेल्या प्रत्येक कणाबद्दल त्याच्या वेळेंत दंडाची भर पडते. या छंदी मंडळींना दिवसभरांत मिळणाऱ्या सोन्यांतून बहुधा मोटारीच्या पेट्रोलाचाहि खर्च निघत नाहीं. मग त्यांना मिळतें तरी काय?

उत्तर शोधण्यापूर्वीं ही कृति समजून घेतली पाहिजे. सोनें पाण्याच्या एकोणीसपटींहून अधिक जड, तर गारेची वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. परात पाण्याखालीं धरून हिसके दिले कीं जड तें तळाशीं बसतें. मग परात किंचित् कलती करून पाण्याच्या लाटेबरोबर वरची हलकी वाळू कडेवरून सोडावयाची, पुनः हिसके, पुनः कलती. होतां होतां लोहमिश्रित काळ्या वाळूचा पातळ थर तेवढा राहतो. त्यावर थोडें पाणी फिरवलें, कीं त्या काळेपणाच्या शेंपटाशीं एखादा पिवळा ठिपका मागें रेंगाळतो. बहुतेक वेळां तोहि नसतो. या कामाला बळ फारसें लागत नाहीं, घाई तर चालतच नाहीं. आपल्याकडे तांदूळ रोंवळणाऱ्या बायकांना ही हातोटी समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं; त्या खडे मागें ठेवतात, हा सोनें मागें ठेवतो.

आतां शर्लीबाईंकडे वळूं. या बाई एका डॉक्टरांच्या पत्नी. १८५१-५२ मध्यें फेदर नदीच्या कांठच्या खाणवस्तींत राहून त्यांनीं आपल्या बहिणीस तेवीस पत्रें लिहिलीं. तीं १८५४-५५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका मासिकांत छापलीं गेलीं. एका पत्रांत त्यांनीं स्वतः एक परात धुतल्याची हकीकत दिली आहे. सव्वातीन डॉलरांचें सोनें निघालें, तें त्या पत्रासोबतच पाठवितात. आणि मग त्या सोन्याची किंमत मोजून देतात: पाय भिजले, झगा फाटला, नवे हातमोजे खराब झाले, बोटें गारठलीं, डोकें दुखलें, सर्दी झाली, आणि भरीला छातीवरचा एक किंमती अलंकार हरवला. हा जमाखर्च विनोदासाठीं मांडला आहे खरा, पण त्यांत जी वस्तुनिष्ठा आहे ती त्या काळच्या दहा वर्तमानपत्री वार्ताहरांत मिळावयाची नाहीं.

त्याच पत्रांत याहूनहि महत्त्वाची गोष्ट त्या सांगून जातात. आसपासच्या शहरांतून हौशी मंडळी सहलीसाठीं खाणींवर येत, आणि त्यांतील प्रत्येक स्त्री परततांना निदान वीस डॉलरांचें सोनें दाखवून, हें एकाच परातींतून निघालें म्हणून सांगे. बाईंना प्रथम याचें नवल वाटलें. मागाहून त्यांतील गुपित समजलें. सुंदर पाहुण्यांचा मान राखावा म्हणून खाणकामगार त्यांचा हात लागण्यापूर्वींच मातींत मूठभर सोन्याचें ‘मीठ’ पेरून ठेवीत! म्हणजे आजचा हा छंद त्या सुवर्णयुगाइतकाच जुना आहे, आणि त्यांतील लबाडीहि तितकीच जुनी. आजहि पैसे घेऊन प्रवाशांकडून परात धुऊन घेणाऱ्या ठिकाणीं पन्हळींत सोनें अगोदर टाकलेलें असतें. कोणी रिकाम्या हातानें परत जाऊं नये, एवढाच त्यांतील हेतु. हा ‘मीठ’ शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जॅक लंडन १८९७ सालीं क्लोंडाइकच्या लाटेबरोबर उत्तरेस गेले. पुढच्याच वर्षीं ते रक्तपितीनें खंगून घरीं आले. सोनें आणलें तें नांवापुरतें. त्यांची ‘सर्व-सुवर्ण दरी’ ही कथा मात्र कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत घडते. ती १९०५ सालीं प्रसिद्ध झाली. आरंभींचें दरीचें वर्णन आमच्या मतें गरजेपेक्षां अधिक रेशमी आहे. हरिण, पाखरें, मधमाशा सर्व अगदीं आपापल्या जागीं. पण त्या दरींत बिल नांवाचा धोंडे-माती हुंगणारा माणूस शिरतो, टेकडीच्या पायथ्याची फावडेंभर माती घेऊन धुतो, आणि कथेची भाषा एकदम ताठ होते. पहिली परात धुऊन होते तेव्हां तळाशीं सात कण असतात. तो ते मोजतो आणि पाण्याबरोबर सोडून देतो! लक्षांत ठेवतो तो फक्त आकडा. मग ओढ्याच्या कांठानें खालीं जात एकेक परात, आकडे घटतात. मग वर जात एकेक परात. आकडे वाढतात आणि पुनः घटतात. दोन्हीं टोकें सांपडल्यावर तो टेकडीवर खड्ड्यांच्या रांगा खणूं लागतो. रांगा वर चढतां चढतां आंखूड होत जातात, खड्डे खोल होत जातात, आणि उलट्या पाचरीच्या टोंकाशीं सोन्याचा कप्पा कोठें दडला असेल तें त्याला कळतें. त्या कप्प्याला तो ‘मिस्टर’ म्हणून आदरानें हांक मारतो.

ही रीत लंडन यांचा शोध नव्हे. मार्क ट्वेन यांनीं १८७२ च्या ‘रफिंग इट’ मध्यें तीच पंख्यासारखी पसरत व आवळत जाणारी शोधाची पद्धत सांगितली असून, हा धंदा मोठा मोहक आहे व वेड्यांच्या इस्पितळांना भरपूर गिऱ्हाइकें पुरवितो, असा शेराहि मारला आहे. परंतु ट्वेन पद्धत सांगतात; लंडन ती आपल्याकडून करवून घेतात. सातांचा आकडा उच्चारणारा बिल त्या क्षणीं धन कमवीत नाहीं, तो टेकडी वाचीत आहे, आणि सोन्याचे कण ही त्या वाचनाची अक्षरें आहेत. वाचून झालेलें अक्षर कोणी खिशांत घालतो काय? शारीर श्रमामध्यें बुद्धि किती सूक्ष्मपणें राबते, याचें इतकें नेमकें चित्रण इंग्रजी लघुकथेंत आम्हीं फार थोड्या ठिकाणीं पाहिलें आहे.

आणि मग कथाकार डगमगतो. कप्पा सांपडतो, कुजक्या गारेंतून सोनें ढीगानें निघतें, त्याच क्षणीं पाठीमागून सावली येते, गोळी सुटते, मेल्याचें सोंग, झटापट, परक्याचा मृत्यु. जखमी बिल सोनें लादून गात गात निघून जातो. कॉलेजांत ही कथा शिकवितांना विद्यार्थी नेमके याच भागावर खूष होतात, हें आम्ही अनेक वर्षें पाहत आलों आहों. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो भाग त्यांच्यासाठींच घातलेला आहे. शर्लीबाईंच्या शब्दांत सांगावयाचें तर लंडन यांनीं येथें परातींत मीठ पेरलें. वाचक रिकाम्या हातानें परत जाऊं नये म्हणून एक बंदूक आणि पोतेंभर सोनें! कोएन बंधूंनीं २०१८ सालीं ही कथा चित्रपटांत आणली. टॉम वेट्स यांनीं त्यांत म्हातारा बिल उभा केला आहे, आणि खणणें-धुणें बऱ्याच सबुरीनें दाखविलें आहे. पण मीठ त्यांनाहि टाळतां आलें नाहीं.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाहीं. रिकाम्या परातीचें हें कौतुक पोट भरलेल्यांचें आहे, असें कोणी म्हणेल. झारखंडांत सुवर्णरेखेच्या वाळवंटांत आजहि गरीब स्त्रीपुरुष लांकडी परातींत वाळू धुतात. तेथें रिकामी परात म्हणजे त्या दिवसाची रिकामी चूल. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींवरच्या १९१६ च्या ग्रंथांत, नदीची वाळू धुऊन पोट भरणाऱ्या सोनझरा जातीची नोंद आहे. त्यांच्यापैकीं कोणी आपल्या कामास छंद म्हटलें असेल, हें संभवत नाहीं. कॅलिफोर्नियाची कथा तर याहून काळी आहे. १८४८ सालीं तेथें मूळ रहिवासी सुमारें दीड लाख होते. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तल यांमुळें १८७० च्या सुमारास ते तीस हजारांच्या आसपास उरले. ज्या ओढ्यांत आज सहलीचीं मुलें हंसत परात बुडवितात, ते ओढे अशा रीतीनें मोकळे झाले आहेत.

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण तो छंदावर जितका लागू पडतो, त्याहून अधिक मिठावर लागू पडतो. कॅलिफोर्नियांत एकोणिसाव्या शतकांत पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनीं डोंगर पाडले, सोनें पकडण्यासाठीं अपार पारा ओतला. गाळानें खालचीं शेतें बुडूं लागलीं तेव्हां १८८४ सालीं न्यायालयानें तो गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. तो पारा अजून नदीच्या तळाशीं आहे. खऱ्या ओढ्यांत बसणाऱ्या छंदी माणसाच्या परातींत कधीं कधीं काळ्या वाळूबरोबर त्याचा चकचकीत थेंब येतो, किंवा पाऱ्यानें पांढरा पडलेला सोन्याचा कण येतो. पैसे भरून मीठ पेरलेल्या पन्हळींत तो कधींहि येणार नाहीं. तेथें टोप्या जुन्या, पाट्या जुन्या, सोनें हमखास. खऱ्या ओढ्याशीं बसलेल्याला नदी जें आहे तें देते, आणि पुष्कळदां कांहींच देत नाहीं. बिलच्या पहिल्या कांहीं परातींना जें मोल आहे तें याच कारणानें. लंडन यांना पुढें तें पेलवलें नाहीं, याचें वाईट वाटतें तेंहि म्हणूनच.

या विषयाचा आपल्या भाषेशीं असलेला धागा सांगावयाचा राहिला. मोल्सवर्थच्या कोशांत ‘झारेकरी’ हा शब्द आहे: सोनाराच्या दुकानांतील राख व केर गाळून त्यांतील सोनें काढणारा. आमच्या कादंबऱ्यांत सोनार आहेत, सावकार आहेत, गहाण पडलेल्या पाटल्यांवर तर प्रकरणेंच्या प्रकरणें आहेत. झारेकरी मात्र कोशांतच बसला आहे. त्याच्या मातींत कोणी दयेनें सोनें पेरीत नाहीं. कानशीचा जो कीस सोनाराच्या नजरेंतून सुटला, तेवढाच त्याचा. सराफकट्ट्याच्या गटाराशीं उकिडवा बसून तो परात हलवीत असतो, आणि येणारेंजाणारें गिऱ्हाईक त्याला वळसा घालून दुकानांत शिरतें.