जामठ्याची मॅच आणि परतीची गाडी

वरठीच्या रेल्वे स्टेशनचं नाव 'भंडारा रोड' आहे. नागपूर-हावडा मार्गावर, नागपूरपासून साठ-बासष्ट किलोमीटरवर. हे स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, या दोन गोष्टींमुळे बाहेरच्या माणसाला वरठी माहीत असते. इथल्या पोराला भारताची आंतरराष्ट्रीय मॅच प्रत्यक्ष बघायची असेल, तर सगळ्यात जवळचं मैदान म्हणजे नागपूरचं जामठा. नकाशावर बघितलं तर नशीबवान गाव म्हणायला हवं. मेळघाटातल्या किंवा सिरोंच्याच्या पोरापेक्षा कितीतरी जवळ.

मॅच जाहीर झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "तिकीट कितीचं?" आकडा कळतो, कुणी म्हणतं महाग आहे, कुणी म्हणतं एवढं तर चालतं, आणि चर्चा तिथेच थांबते. वर्तमानपत्रातल्या बातम्याही तेवढंच सांगतात: सगळ्यात स्वस्त तिकीट अमुक, सगळ्यात महाग तमुक. माझं म्हणणं असं आहे, की वरठीसारख्या ठिकाणाहून बघितलं तर तिकिटावर छापलेला आकडा हा या खर्चातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. खरी किंमत मॅचच्या वेळेत आणि मैदानाच्या जागेत दडलेली आहे. ती वेळ आणि ती जागा ठरवताना वरठीचा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

हिशेब मांडून बघू. समजा हजार रुपयांचं तिकीट मिळालं. ऑनलाइन घेतलं तरी अनेक मॅचना ते काउंटरवर दाखवून कागदी तिकीट घ्यावं लागतं. नागपुरात राहणाऱ्याला हे तासाभराचं काम. वरठीहून तोच नागपूरचा एक आख्खा फेरा. मग मॅचचा दिवस. दुपारची गाडी, नागपूर स्टेशन, तिथून मेट्रोने खापरी, आणि पुढचे काही किलोमीटर बस किंवा शेअर ऑटो. आत डबा चालत नाही, पाण्याची बाटली चालत नाही, म्हणजे खाणंपिणं आतल्या भावाने. पॉवर बँक बहुतेक वेळा दारातच अडते, त्यामुळे रात्री घरी फोन करायच्या वेळी मोबाइल मेलेला. कारखान्यात कंत्राटी कामगार असाल तर त्या दिवसाचा खाडा, आणि रात्रभर जागरण झालं तर दुसऱ्या दिवसाचाही. धानाच्या रोवणीचे किंवा कापणीचे दिवस असतील तर घरच्यांची बोलणी वेगळी.

आणि मग सगळ्यात मोठी गोष्ट: परत यायचं कसं?

टी-ट्वेंटी संध्याकाळी सातला सुरू होते. संपायला साडेदहा-पावणेअकरा होतात. पंचेचाळीस हजारांचं मैदान रिकामं व्हायला वेळ लागतो. वर्धा रोडवर गाड्यांची रांग लागते. तिथून नागपूर स्टेशन गाठेपर्यंत मध्यरात्र उलटते. त्यानंतर भंडारा रोडला थांबणारी एखादी गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर फलाटावर पेपर अंथरून सकाळची वाट बघायची. चौघांनी मिळून गाडी भाड्याने केली तर प्रत्येकाच्या वाट्याचं भाडं तिकिटाइतकंच भरतं. मुलींसाठी तर हा हिशेब सुरूच होत नाही. हजार रुपये घरून मिळतीलही. रात्री एक वाजता नागपूर स्टेशनवर थांबायची परवानगी मिळणार नाही. ही किंमत रुपयांत मोजता येत नाही म्हणून ती कुठल्याच बातमीत येत नाही.

23 सप्टेंबर 2022 ची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच आठवा. मैदान ओलं असल्यामुळे सातची मॅच साडेनऊला सुरू झाली आणि ती आठ-आठ षटकांची झाली. ऑस्ट्रेलिया 5 बाद 90. रोहित शर्माने 20 चेंडूंत नाबाद 46 केल्या, दिनेश कार्तिकने शेवटी एक षटकार आणि एक चौकार मारला आणि भारत जिंकला. टीव्हीवर मजा आली. पण वीस षटकांचे पैसे भरून आलेला, अडीच तास ओल्या गवताकडे बघत बसलेला आणि मनातल्या मनात गाड्यांचं वेळापत्रक घोकणारा जो प्रेक्षक होता, त्याच्यासाठी ती किती महागाची मॅच होती, हे धावफलकात दिसत नाही.

ही नेहमीचीच रीत होती का? नाही. 31 ऑक्टोबर 1987 ला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या व्हीसीए मैदानावर विश्वचषकाची भारत-न्यूझीलंड मॅच झाली. चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे उडवले. गावसकरने 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं ते एकमेव शतक. त्या मॅचबद्दल बोलताना एक साधी गोष्ट राहून जाते: ती दिवसा झाली. मैदान शहरात, रेल्वे स्टेशनपासून फार लांब नाही. भंडाऱ्याकडचा माणूस सूर्य मावळायच्या आत ते शतक बघून मोकळा झालेला होता आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचू शकत होता. परतीचा प्रश्न हा प्रश्नच नव्हता.

जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. त्याच मैदानावर 26 नोव्हेंबर 1995 ला न्यूझीलंडविरुद्धची मॅच चालू असलेल्या दिवशी गॅलरीची भिंत कोसळली आणि मॅच बघायला आलेल्यांचे जीव गेले. तिकीट काढून आलेल्या माणसाने याहून मोठी किंमत काय मोजायची! मोठं, पक्कं, सुरक्षित स्टेडियम हवंच होतं. 2008 मध्ये जामठ्याचं स्टेडियम उभं राहिलं, देशातल्या चांगल्या स्टेडियमांत त्याचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ते शहराबाहेर हलवताना एक गोष्ट गृहीत धरली गेली: येणाऱ्याकडे स्वतःची गाडी असेल. पार्किंगचा विचार झाला, परतीच्या रेल्वेचा झाला नाही. नोव्हेंबर 2008 ची तिथली पहिलीच कसोटी सौरव गांगुलीची शेवटची कसोटी होती. ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणात बारा बळी घेतले. असा प्रसंग असूनही गॅलऱ्यांत बरीच जागा मोकळी होती. लोकांचं क्रिकेटवरचं प्रेम अचानक आटलं होतं, असं कुणी म्हणेल का?

मॅच रात्री का असते, हे आता उघड बोलायला हवं. टीव्ही आणि मोबाइलवर लोक रात्री मोकळे असतात म्हणून. 2023 ते 2028 या काळातल्या भारतातल्या 88 आंतरराष्ट्रीय सामन्यांचे प्रसारण हक्क बीसीसीआयने 5,963 कोटी रुपयांना विकले. म्हणजे सामन्यामागे सुमारे 67 कोटी 75 लाख. आता जामठ्याचं गणित करा: पंचेचाळीस हजार खुर्च्या, सगळ्या भरल्या आणि सरासरी दोन हजारांना विकल्या गेल्या असं धरलं, तरी नऊ कोटी होतात. सामन्याचं पोट दारातल्या पैशावर भरत नाही. ते तुमच्याआमच्या स्क्रीनवर भरतं.

इथे तुम्ही-आम्ही सुटत नाही. आपण घरी बसून मोबाइलवर बघावं म्हणून मॅच रात्री ठेवली जाते. आणि मॅच रात्री असते म्हणून वरठीच्या माणसाला घरी बसून मोबाइलवरच बघावी लागते. स्टेडियममध्ये बसलेला प्रेक्षक पैसे देतो, शिवाय टीव्हीवाल्यांना लागणारा आरडाओरडा आणि निळा समुद्रही फुकटात पुरवतो. रिकाम्या खुर्च्यांपुढची मॅच स्क्रीनवर किती बेचव लागते, हे कोरोनाच्या काळात आपण पाहिलं आहे. मग ज्याच्यामुळे त्या 67 कोटींच्या मालाला चव येते, त्याच्याकडून दारातही जमेल तेवढं वसूल का करायचं?

याचं एक उत्तर असं, की दोन थैल्या वेगळ्या आहेत. प्रसारणाचा पैसा मंडळाकडे जातो, दारातला पैसा यजमान संघटनेकडे राहतो. नागपूरसारख्या संघटनेच्या वाट्याला वर्षाकाठी मोठी मॅच एखादीच येते, मग त्या एका दिवशी हात मारून घ्यावासा वाटणारच. हे समजण्यासारखं आहे. पण प्रसारणाच्या पैशातला वाटा मंडळाकडून राज्य संघटनांना मिळतच असतो. शिवाय या संघटनेच्या नावात नागपूर नाही, विदर्भ आहे. अकरा जिल्ह्यांच्या नावावर तिला सामने मिळतात. त्या अकरांत भंडाराही येतो.

दुसरं उत्तर बाजाराचं: मागणी जास्त, खुर्च्या कमी, भाव चढणारच. पण हा बाजार असेल तर दुकानात माल किती आहे ते तरी सांगा. 2 एप्रिल 2011 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला वानखेडेत जागा सुमारे 33 हजार होत्या. सामान्य लोकांसाठी विक्रीला आली फक्त चारेक हजार तिकिटं. बाकीची क्लब, संलग्न संस्था, प्रायोजक आणि मान्यवर यांच्यात आधीच वाटली गेली. जिथे आठातली सात तिकिटं काउंटरवर येतच नाहीत, तिथे 'मागणी आणि पुरवठा' म्हणणं ही थट्टा आहे.

त्यात वानखेडेची जन्मकथा आठवली की ही थट्टा आणखी बोचते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतले कसोटी सामने क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबर्न स्टेडियमवर होत. क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून भांडण पेटलं. संघटनेचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, आपल्या नागपूरकडचे, त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. आम्हाला पुरेशी तिकिटं देत नसाल तर आम्ही आमचं स्टेडियम बांधतो, असं म्हणत त्यांनी ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर वर्षभरातच नवं स्टेडियम उभं केलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. तिकिटं मूठभरांच्या हातात राहतात या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या स्टेडियममध्ये छत्तीस वर्षांनी तिकिटं मूठभरांच्याच हातात होती. मूठ तेवढी बदलली.

अलीकडे चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत, त्या नाकारू नयेत. 2025 च्या महिला विश्वचषकाची तिकिटं शंभर रुपयांपासून सुरू झाली. भारताच्या मुली नवी मुंबईत 2 नोव्हेंबरला जगज्जेत्या झाल्या, तेव्हा स्टेडियम गच्च भरलं होतं. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के आहे. म्हणजे सामान्य माणसाचं तिकीट पाचशेच्या आतलं, ही रेघ सरकारने तरी ओढून ठेवली आहे. द्विपक्षीय मालिकांमध्येही त्या रेघेच्या आत भरपूर खुर्च्या असाव्यात, हे मागणं अवाजवी नाही. तरीही शंभराचं तिकीट रात्री अकराला जामठ्याच्या दारात सोडून देणार असेल, तर ते फक्त नागपूरकरांसाठी स्वस्त आहे.

कुणी म्हणेल, मग रणजी बघा. तिकीट नाही, दिवसा खेळ, मैदान तेच. खरं आहे. 2025 च्या मार्चमध्ये विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तो जामठ्यावरच. दानिश मालेवारच्या 153 आणि करुण नायरच्या 135 धावा गाडीभाड्याच्या खर्चात बघता येत होत्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ज्याला जमेल त्याने जरूर जावं. हर्ष दुबेने एका मोसमात 69 बळींचा विक्रम केला, तो आपल्या घराजवळ. पण हा सल्ला ऐकताना सावध राहायला हवं. "तुम्ही रणजी बघा" याचा अर्थ "भारताची मॅच आमच्यासाठी राहू द्या" असा होत असेल, तर तो सल्ला नाही, वाटणी आहे. उलट रणजीवरून एवढंच सिद्ध होतं, की वेळ दिवसाची असली आणि दार उघडं असलं तर तेच जामठा वरठीपासून लांब राहत नाही.

म्हणून तिकीट स्वस्त करा एवढीच मागणी पुरेशी वाटत नाही. प्रत्येक मॅचआधी एकूण जागा किती आणि खुल्या विक्रीला किती, हे संघटनेने जाहीर करावं. अकरा जिल्ह्यांसाठी तिकिटांचा वाटा ठेवावा आणि ती त्या त्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावीत, म्हणजे एक फेरा वाचेल. मॅच संपल्यावर जामठ्याहून भंडारा, वर्धा, चंद्रपूरकडे एसटीच्या जादा बस सुटाव्यात आणि बसचं भाडं तिकिटातच धरावं. यात्रेसाठी, पंढरीच्या वारीसाठी एसटी हे वर्षानुवर्षं करते. क्रिकेटला धर्म म्हणायची आपल्याला हौस आहेच. आणि निदान एकदिवसीय सामने तरी सकाळी सुरू करून बघावेत. स्क्रीनवाल्यांचे थोडे पैसे कमी होतील. पण आजवर प्रत्येक वेळी खुर्चीवाल्यानेच सोसलं आहे.

पुढच्या मॅचची तारीख जाहीर होईल, तुमच्या मोबाइलवर नोटिफिकेशन येईल, ग्रुपवर कुणीतरी विचारेल, "तिकीट कितीचं?" त्याच्याखाली एवढं टाका: "सुटणार किती वाजता, आणि भंडारा रोडला थांबणारी गाडी कोणती?"