पाहुणा आणि बिऱ्हाडकरू : मराठी प्रवासवर्णनातला जपान

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्या घरोघरी मोठ्या लाडाचा. दिवाळी अंक हाती आला की कोणी आधी राशिभविष्य काढतो, कोणी व्यंगचित्रे पाहतो, कोणी कथेचे पान दुमडून ठेवतो. पण फराळाचे डबे रिकामे होत आले तरी जो लेख घरात हातोहात फिरत राहतो, तो बहुधा कोणाच्या तरी प्रवासाचा असतो. त्याचे कारण उघड आहे. खर्च लेखकाचा, दगदग लेखकाची, आणि सफर मात्र आपली! अशा लाडक्या प्रकाराची चिकित्सा करायला कोणी सहसा धजत नाही. लाडक्या मुलाचे दोष काढणारा काका कोणालाच आवडत नाही. तरीही यंदा तो धोका पत्करून मराठी प्रवासवर्णनातल्या एकाच देशाविषयी थोडे बोलावे म्हणतो. तो देश म्हणजे जपान.

मराठी लेखणीने आजवर तीन जपान पाहिले, असे मला वाटते. पहिला उपदेशाचा जपान, दुसरा आस्वादाचा आणि तिसरा बिऱ्हाडाचा.

उपदेशाचा जपान सर्वांत जुना. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला आणि आपल्याकडच्या सुशिक्षितांची छाती फुगली. आशियातला एक देश हे करू शकतो, मग आपण का नाही, हा प्रश्न घरोघर गेला. पुढे १९१५ च्या सुमारास टोकियोतल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. एका पुस्तिकेने एवढे काम करावे, ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा या उपदेशाच्या जपानला हसण्याचे कारण नाही. व्यापाऱ्यांचा जपान तर त्याहूनही आधीचा. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने मुंबई ते कोबे असा बोटींचा मार्ग सुरू झाला आणि आपल्या कापसाचे गठ्ठे जपानी गिरण्यांकडे निघाले. त्याच गिरण्यांचे कापड पुढे परळ-लालबागच्या कापडाशी स्पर्धा करू लागले, हा इतिहास गिरणगावाने सोसलेला आहे.

पण उपदेशाचा एक दुर्गुण असतो. तो देशाकडे पाहत नाही, देशाचा दाखला देतो. ‘बघा, जपानी माणूस कसा वक्तशीर! बघा, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही!’ हे वाक्य लिहिणाऱ्याचे डोळे टोकियोवर नसतातच. ते आपल्या वाचकाच्या पडलेल्या चेहऱ्यावर असतात. अशा लेखनात जपानी माणूस शाळेतल्या पहिल्या नंबराच्या मुलासारखा दिसतो. त्याचे कौतुक फार होते, पण त्याच्याशी मैत्री कोणाचीच होत नाही.

दुसऱ्या जपानने ही मैत्री घडवली. प्रभाकर पाध्ये यांनी आपल्या पुस्तकाला ‘तोकोनोमा’ हे नाव दिले, आणि १९६३ साली पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ आले. या लेखकांना जपानकडून धडा नको होता. त्यांना जपान चाखायचा होता. पु. लं.च्या विनोदाचे बळ असे की तो परक्या माणसाला हसत नाही. परक्या मुलखात भांबावलेल्या मराठी माणसाला हसतो. त्यामुळे वाचकाच्या मनातला न्यूनगंड आणि अहंगंड दोन्ही एकाच वेळी गळून पडतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहरातल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेली बाग आहे. तिला आज पु. लं.चे नाव आहे. प्रवासवर्णनकाराला मिळालेली याहून गोड पावती माझ्या माहितीत दुसरी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तोकोनोमा म्हणजे जपानी बैठकीच्या खोलीतला एक शोभेचा कोनाडा. तिथे एखादे लांबट चित्र टांगतात, एखादे फूल ठेवतात. सन्मान्य पाहुण्याला त्या कोनाड्याच्या अगदी जवळ बसवतात, पण बसवतात ते कोनाड्याकडे पाठ करून! ज्या सौंदर्याच्या शेजारी त्याला मानाने बसवले, ते यजमानाला दिसत राहते. पाहुण्याला दिसतो तो यजमानाचा हसरा चेहरा. पाहुण्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनाची मर्यादा यापेक्षा नेमकी सांगता येणार नाही. त्याला मान मिळतो, चहा मिळतो, उत्तम दुभाष्या मिळतो. पण त्या घरातले भाडे कोण भरते, मोरी कोण धुते, आजीची कंबर कशाने दुखते, हे त्याच्या पाठीमागे राहते. हा पु. लं.चा किंवा पाध्यांचा दोष नव्हे. जो पाहुणा यजमानाच्या स्वयंपाकघरात डोकावतो, तो वाईट पाहुणा.

तिसरा जपान बिऱ्हाडकरूंचा. २००० सालच्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी भारतीय मंडळी टोकियोत मोठ्या संख्येने गेली आणि त्यांतली पुष्कळशी एदोगावा विभागात, निशी-कासाई स्टेशनाच्या आसपास स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही आली, गणपती आले, दिवाळी आली. २०१९ साली तर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या विभागाच्या सभेवर निवडून गेले. पाहुण्याला मत मागता येत नाही. ते बिऱ्हाडकरूलाच शोभते. घर भाड्याने घेताना या मंडळींना ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत द्यावी लागते, आणि पुष्कळदा ‘रेइकिन’ नावाची आणखी एक रक्कम मालकाला ‘कृतज्ञता’ म्हणून द्यावी लागते, जी परत मिळत नाही. पागडीच्या मुंबईतून गेलेल्या माणसाला ही कृतज्ञता समजावून सांगावी लागत नसेल!

हे लोक आता लिहू लागले आहेत. रविवारी, सुटीच्या दिवशी, मुलांना घेऊन शहरात कुठे कुठे भटकलो याची वर्णने ते करतात. फुजी पर्वत, क्योतोची देवळे वगैरे राजमार्ग त्यांनी पहिल्या वर्षीच उरकलेले असतात. मग उरतात त्या आडवाटा, आणि खरा मालमसाला तिथेच आहे.

टोकियोच्या ट्रामचेच पाहा. शहराने बाकीच्या ट्रामगाड्या काढून टाकल्या, पण आराकावा मार्ग तेवढा ठेवला. मिनोवाबाशी ते वासेदा असा सुमारे १२ किलोमीटरांचा हा मार्ग घरांच्या परसदारांना घासून जातो. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आलेली शेवटची ट्राम ज्यांना आठवते, आणि दादर टी. टी. म्हणताना त्यातला एक ‘टी’ ट्रामचा आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वर्णनाने नुसती करमणूक होणार नाही. पोटात काही तरी हलेल. याच मार्गाजवळ सुगामो नावाची पेठ आहे, तिथे वृद्ध स्त्रियांची गर्दी असते. तिथल्या देवळात कान्नोनची एक मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखतो, मूर्तीचा तोच अवयव धुवायचा, अशी श्रद्धा. पूर्वी लोक घासणीने घासत. मूर्ती झिजली, तेव्हा नवी बसवली आणि आता कापडाने पुसतात. पाहुणा हे पाहून ‘गंमत आहे’ असे टिपून घेईल. बिऱ्हाडकरू तिथे तीन हिवाळे काढतो, त्याचा गुडघा धरतो, आणि चौथ्या हिवाळ्यात तोही हातात रुमाल घेऊन रांगेत उभा राहतो. वाङ्मय सुरू होते ते त्या रांगेत.

टोकियोत काही देवळांच्या आवारात फुजी पर्वताच्या लहान प्रतिकृती आहेत. मातीचा ढीग, त्यावर लाव्हाचे दगड, वर जायला वळणाची पायवाट. सेंदागायातली अशी टेकडी १७८९ सालची आहे. ज्यांना खऱ्या पर्वतापर्यंत जाणे झेपत नसे, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि लेकराबाळांनी ही टेकडी चढावी आणि तेच पुण्य पदरात पाडून घ्यावे. १८७२ पर्यंत फुजीच्या माथ्यावर स्त्रियांना बंदी होती, म्हणून बायकांनाही हाच फुजी. दिवाळीत अंगणात मातीचा रायगड रचून त्यावर अळीव पेरणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगावे. ती लगेच म्हणतील, ‘मग त्यांच्या डोंगरावर मावळे का नाहीत?’ तसेच न्हाणीघरांचे. सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीवर फुजीचे भव्य चित्र काढण्याची प्रथा १९१२ साली टोकियोच्या कांदा नावाच्या पेठेतल्या एका न्हाणीघरात सुरू झाली. (नावाला हसू नये. चिंचपोकळीच्या लोकांनी तर मुळीच नाही.)

असा ऐवज हाताशी असून या लेखनातले बरेचसे फिके का वाटते? माझ्या मते त्याला तीन दोष जडले आहेत.

पहिला सोयीचा दोष. कोणती गाडी धरावी, तिकीट किती येन, शाकाहारी काय मिळते, प्रसाधनगृह कुठे आहे. हे सगळे उपयोगाचे, पण ही वाण्याची यादी झाली, पत्र नव्हे. यादीवरून सामान आणता येते. माणूस कळत नाही. दुसरा दोष आडवाटेच्या अभिमानाचा. ‘इथे सहसा कोणी जात नाही’ असे लेखक लिहितो, तेव्हा तो तिथे रोज जाणाऱ्या शेकडो जपान्यांना मोजतच नाही. आडवाट ही त्याला आडवाट. सुगामोच्या म्हातारीची ती भाजी आणायची वाट असते. तिसरा दोष सर्वांत जुना. मागच्या दाराने उपदेश पुन्हा घरात येतो. बिऱ्हाड टोकियोत असले तरी लेखणी अजून आपल्याच वाचकाचा कान पिळते.

या तिसऱ्या दोषावर औषध बिऱ्हाडकरूच्याच दाराशी आहे. एदोगावात फुरुकावा नावाचा एक ओहोळ आहे. आज तिथे निर्मळ पाणी वाहते आणि उन्हाळ्यात पोरे त्यात पाय बुडवून खेळतात. उपदेशक इथे थांबून मिठी नदीचे नाव काढील आणि आपल्याला शरमेने मान खाली घालायला लावील. पण तेथे राहणाऱ्याने शेजाऱ्याला विचारले तर त्याला कळेल की भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी येऊन हा ओहोळसुद्धा गटार झाला होता. विभागाने तो कायमचा बुजवून टाकला नाही. स्वच्छ पाणी खेळवून १९७३ साली त्याचे लोकांसाठी उद्यान केले. म्हणजे जपानी माणूस जन्मतः स्वच्छ नसतो. त्याने एक घाण केली, ती त्याच्या नाकाला झोंबली, मग पैसा आणि माणसे लावून त्याने ती काढली. हे वाक्य उपदेशापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. उपदेश ऐकून माणूस खजील होतो आणि विसरतो. हकीकत ऐकून तो विचारतो, ‘मग आपल्याला किती खर्च येईल?’ २६ जुलै २००५ ला ज्यांच्या घरात मिठीचे पाणी शिरले, त्या धारावी-शीवच्या माणसाला जपानची स्तुती नको आहे. ही हकीकत हवी आहे.

शीवचे नाव निघालेच आहे, तर एक सांगतो. शीव म्हणजे गावाची हद्द. इंग्रजांचे बेट इथे संपे आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी लागे, म्हणून १६६९ ते १६७७ च्या दरम्यान जेराल्ड आंजियरच्या कारकिर्दीत इथल्या टेकडीवर किल्ला बांधला गेला. पायथ्याच्या नेहरू उद्यानात आम्ही शीवकर नातवंडांना खेळवतो, पण किल्ल्यावर जाऊन दोन्ही बाजूंचा मुलूख पाहणारे आमच्यात थोडेच. हद्दीवर राहणाऱ्याला हद्द दिसेनाशी होते, हा मनुष्यस्वभाव आहे. पण चांगला प्रवासलेखक नेमका तिथेच उभा असतो. पाहुणा पूर्ण बाहेरचा, म्हणून त्याला सगळेच नवल. घरचा पूर्ण आतला, म्हणून त्याला काहीच नवल नाही. बिऱ्हाडकरू शिवेवर असतो. त्याला ट्रामची घंटा ऐकू येते आणि ट्रामने येणारीचे नावही ठाऊक असते. अशी जागा मराठी लेखकाला जपानात पूर्वी कधी मिळाली नव्हती. ती आता अनेकांना मिळाली आहे, आणि ते तिथे बसून गाड्यांची वेळापत्रके लिहीत आहेत, हे पाहून वाईट वाटते.

तेव्हा टोकियो, ओसाका, नागोयात दिवे लावणाऱ्या आपल्या मंडळींना, आणि ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत अशा इथल्या आईवडिलांनाही, एवढेच सुचवावेसे वाटते : पत्र लिहा. या रविवारी कुठे गेलो ते लिहाच, पण तिथे कोण भेटले, त्याने काय विचारले, आपल्याला काय उत्तर देता आले नाही, हेही लिहा. ‘पूर्वरंग’ने आपल्याला परक्या घरी पाहुणा म्हणून कसे वागावे ते शिकवले. त्या घरात भाडे भरून राहणाऱ्याचे पुस्तक मराठीत अजून यायचे आहे. ते आले, तर पाहुण्याच्या पाठीमागचा तोकोनोमा आपल्याला पहिल्यांदा समोरून दिसेल.