पदवी आणि परकेपण : दोन आत्मकथनांचे वाचन

भटक्या-विमुक्त जमातींतून आलेल्या आत्मकथनांविषयी मराठी समीक्षेत एक ठरावीक वाचनपद्धती रूढ झाली आहे. भूक, भटकंती, अवहेलना आणि अखेरीस शिक्षणाने झालेली सुटका, असा तिचा क्रम. या वाचनात पदवी ही व्यथेची समाप्ती ठरते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही आत्मकथने या गृहीतकाची फेरतपासणी करावयास लावतात.

‘उपरा’त गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून हिंडणारे कैकाडी कुटुंब आहे. एका जागी स्थिर असणे ही शाळेची पूर्वअट, तर गावोगाव हिंडणे ही पोटाची. म्हणजे येथील अडचण केवळ दारिद्र्याची नाही. स्थिर समाजासाठी घडलेली शिक्षणव्यवस्था आणि भटका जीवनक्रम यांतील तो मूलभूत विरोध आहे. पदवीने तो मिटत नाही. शिकलेला नायक आंतरजातीय विवाह करतो, तेव्हा दोन्हीकडचे समाज त्याला दूर लोटतात. त्यामुळे ‘उपरा’ हे शीर्षक बालपणाइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या सुशिक्षित अवस्थेचे वर्णन ठरते.

काळे यांची कोंडी निराळी आहे. नाचणाऱ्या आईच्या या मुलाला वडिलांचे नाव लावता येत नाही. व्यवस्था मात्र नेमके तेच विचारते. वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोचलेली बुद्धिमत्ताही हा रिकामा रकाना भरू शकत नाही. लेखकनामाच्या मध्यभागी आईचे नाव ठेवणे ही लकब नव्हे, ते या रकान्याला दिलेले उत्तर आहे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव नोंदवणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. काळे यांनी ते तीस वर्षे आधी मुखपृष्ठावर नोंदवले होते.

या वाचनालाही एक मर्यादा आहे. आत्मकथन लिहितो तो वाटेत न गळालेला. गळालेल्यांचे कथन उपलब्ध नसते. म्हणूनच या कृतींना जिद्दीच्या यशोगाथा म्हणणे धोक्याचे आहे. त्यातून न पोचलेल्यांकडे जिद्दच नव्हती, असा निष्कर्ष नकळत निघतो आणि व्यवस्था निर्दोष सुटते. ही आत्मकथने विद्यापीठीय वर्गांत शिकवली जातात. त्याच वर्गात आपल्या पाड्यातून वा पालातून प्रथमच पदवीपर्यंत आलेला विद्यार्थी बसलेला असतो. समीक्षेने केलेला अर्थ त्याला गौरवतो की एकटा पाडतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ साहित्यशास्त्रीय उरत नाही.