घारीचं मनगट

पुण्यात स्वारगेटला घार पाहावी ती भर दुपारी. डांबर तापून ऊन हवा वर उठली की तिच्या आधारानं ही पंख न हलवता गिरक्या घेत चढते. दुभंगलेली शेपटी मात्र सतत कलत असते. वळण आधी तिथं उमटतं, मग अंगात. पण खरी बहार सूर मारताना. पंख एकदम मिटून मागे जातात, आणि या दुमडीत मनगटाचा मोठा वाटा असतो.

ते मनगट नीट वाचावं. तिथल्या अर्धचंद्राकृती हाडामुळे हात आडवा वळतो. 1964 साली अमेरिकेत जॉन ऑस्ट्रॉम यांना डायनोनिकस नावाचा शिकारी डायनासोर सापडला, त्याच्याही मनगटात हेच हाड होतं. त्याला उडता येत नव्हतं. लांब हात झपकन टाकून सावज धरायला ते कामी येत असावं. धरण्याची ती लकब पुढे पंखाची फडफड झाली.

गळ्याखालचं दुबेळकं हाड, जे कोंबडी खाणाऱ्यांच्या ओळखीचं आहे, त्याचीही कथा अशीच. डायनासोरांत ते नसतं, म्हणून पक्षी त्यांचे वंशज नव्हेत, असं गेरहार्ड हाइलमान यांनी 1926 साली मांडलं आणि ते मत कित्येक दशकं टिकलं. प्रत्यक्षात 1924 साली वर्णन झालेल्या ओव्हिरॅप्टरच्या सांगाड्यात ते होतंच, फक्त दुसरंच हाड समजलं गेलं होतं. पिसांचा उलगडा 1996 साली झाला: चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारखी लव होती, आणि तोही उडणारा नव्हता. पिसं आधी, उड्डाण नंतर.

आता घारीखालची पर्वती पाहा. ही टेकडी दख्खनच्या लाव्हाची. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हे लाव्हे वाहत असतानाच्या काळात अशनी कोसळला आणि डायनासोरांची बहुतेक घराणी बुडाली. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला सापडणारी टायटनोसॉरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा त्याच बुडालेल्या जगाची. तगलं ते एकच घराणं, पक्ष्यांचं.

म्हणून घारीला दाद द्यायची ती तिच्या वेगापेक्षा तिच्या रचनेला. मनगट शिकारीचं, पिसं उड्डाणाआधीची, गळ्याखालचं हाड पूर्वजांचं. उडण्यासाठी निसर्गानं कोरं असं फारसं काही घडवलं नाही. जे हाताशी होतं त्यालाच नवा अर्थ दिला, आणि तो अर्थ आभाळभर झाला.